पुलावरचा परिच्छेद

हितेश माझा जुना विद्यार्थी. घर कोन गावात, कल्याण रस्त्यावर. वडिलांच्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत, त्यामुळं त्याला नोकरी शोधावी लागली नाही. त्यानं सहलींची कंपनी काढली. गेल्या जुलैत तो शाळेत आला आणि शिक्षकखोलीबाहेरच्या बाकावर बसून त्यानं मला आपली कल्पना सांगितली. वसई ते दिवा या मार्गावर दर रविवारी सकाळी एक गाडी निघणार. दोनच डबे, खिडक्यांच्या काचा थेट छतापर्यंत. आत कामाला निघालेली माणसं नाहीत, फक्त बघायला आलेली. जूचंद्रची मिठागरं, कामणचे डोंगर, खारबावची शेतं, भिवंडीची गोदामं आणि उल्हास खाडीवरचा पूल. दिव्याला चहा आणि परत.

"डब्यात स्पीकरवर माहिती सांगायची," तो म्हणाला. "सर, ती तुमच्याच आवाजात पाहिजे. आम्ही पाचवीपासून तो आवाज ऐकलाय."

माझं नाव नरेंद्र भालेराव. वय सेहेचाळीस. बावीस वर्षं भिवंडीत मराठी शिकवतो आहे आणि गावातल्या बऱ्याच कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडं असतं. खातरजमा केल्याशिवाय वर्गात काही सांगायचं नाही, ही माझी सवय. हितेशला मी हो म्हटलं आणि महिनाभर शाळा सुटली की स्कूटर काढून त्या मार्गावरच्या गावांतून हिंडलो. कुणी भाताच्या जुन्या जाती सांगितल्या, कुणी मिठाच्या आगरांची नावं. वही भरत गेली.

अंजूरला मात्र मी सगळ्यात शेवटी गेलो. तिथं सीतामावशी होती.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आम्ही बौद्धवाडीतले, ती खाडीकडच्या आळीतली आगरी. तिचा नवरा दाजी केणे अंजूरच्या धक्क्यावरून डोंबिवलीच्या रेतीबंदरापर्यंत होडी चालवायचा. माझा जन्म झाला त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. भिवंडीचा रस्ता पाण्याखाली गेला होता आणि माझी आई, शेवंता, पहाटेपासून अडली होती. धक्क्यावर तीन होड्या होत्या. दोघांनी पाण्याचं कारण सांगितलं. आमच्या वाडीतल्या बाईला तशा अवस्थेत होडीत घ्यायचं नाही, याला त्या काळी पाणी हे कारण पुरायचं. दाजींनी काही विचारलं नाही. आईला उचलून होडीत निजवलं, सोबत वाडीतली एक म्हातारी घेतली आणि दुपारच्या भरतीवर खाडी ओलांडली. वडील अलीकडंच राहिले, कारण होडीत जागा नव्हती. आई दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. रेतीबंदरावर वाळूच्या कामगारांची पत्र्याची शेड होती, तिथंच माझा जन्म झाला.

दाजी परत निघाले ते अंजूरला पोचले नाहीत. होडीही सापडली नाही. सीतामावशी तेव्हा बावीस वर्षांची होती.

मी सहा वर्षांचा असताना वडिलांना भिवंडीत शाळेत शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही गाव सोडलं. पण दर नारळी पौर्णिमेला मावशी रिक्षा करून आमच्याकडं यायची. हातात खोबऱ्याच्या करंज्यांचा डबा. ज्या दिवशी तिचा नवरा गेला, त्या दिवशी ती माझा वाढदिवस करायला यायची. आई तिच्यासमोर बसून करंजी खायची आणि तिच्याकडं पाहायची नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ऑगस्टमध्ये मी वही घेऊन गेलो तेव्हा मावशी ओट्यावर वालाच्या वाळवलेल्या शेंगा सोलत बसली होती. समोरच्या शेतात आता गोदामाची भिंत होती, पण भिंतीच्या कडेनं धक्क्याकडं जाणारी पायवाट शिल्लक होती. मी गाडीबद्दल सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली.

"म्हंजे गाडी पुलावर येल तवा तू बोलशील?"

"मी नाही, माझा रेकॉर्ड केलेला आवाज."

"मंग त्याचं नाव घे एकदा. दाजी केणे म्हनून. मोठ्यानं. पुलावरनं धक्का दिसतो."

मी होकार दिला. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. माझ्या जाणत्या वयापासून तो मी दर वर्षी ऐकत आलो होतो.

"थांबला का न्हाय रे तो? पुनवेची ओहोटी, त्यात नदीचा लोंढा. ओढ सरल्याबिगर कोन होडी घालतं? जाणता मानूस व्हता." शेंगेतले दाणे तिनं सुपात टाकले. "मीच बोलले त्याला सकाली. दिवे लागायच्या आत आला न्हायस, तर मी एकलीच नारल देईन खाडीला, मंग घरात पाय ठेवू नको. माज्या भ्यानं निगाला तो."

विनिता, तिच्या पुतण्याची बायको, दारात उभी होती. "काकी, किती वेला तेच," ती हळूच म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

मी वहीत काहीतरी लिहिण्याचं नाटक केलं.

कारण उत्तर माझ्याकडं होतं. बारा वर्षांपूर्वी आईनं शेवटच्या आजारात ते मला सांगितलं होतं. सांगून झाल्यावर म्हणाली होती, "माझ्यानं तिच्या तोंडावर नाही बोलवलं. मी गेल्यावर तू सांग तिला." मी होकाराची मान हलवली होती. आई गेली. दिवस गेले, वर्ष गेलं, मावशी करंज्या घेऊन आली, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढच्या वर्षीही नाही. आईकडं बोट दाखवायचं, तेही ती नसताना, हे मला जमेना. मग इतका उशीर झाला की आता सांगून काय, असं वाटू लागलं. ही सोयीची समजूत मी बारा वर्षं वापरली.

रेकॉर्डिंग सप्टेंबरमध्ये झालं, धामणकर नाक्याजवळ नेत्राच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, भिंतींना काळा फोम लावलेला. नेत्रा गायकांची गाणी, निवडणुकीच्या घोषणा, सगळं तिथंच करते. मागच्या गल्लीत कापडाचे लूम आहेत. शुक्रवारी ते बंद असतात, म्हणून आम्ही शुक्रवार धरला. मी सगळं वाचलं. पुलावरचा परिच्छेद असा होता:

‘उजव्या हाताला अंजूरचा धक्का. हा पूल होण्याआधी इथून रेतीबंदराला होडी जायची. ती दाजी केणे चालवायचे. एका नारळी पौर्णिमेला त्यांनी अडलेल्या बाईला पलीकडं सुखरूप पोचवलं. परतताना ते खाडीत गेले. त्यांची होडी सापडली नाही.’

नेत्रानं मोजलं. अडतीस सेकंद.

दोन दिवसांनी हितेशचा फोन आला. "सर, बाकी सगळं एक नंबर. तेवढं पुलावरचं काढू या का? लोक पोरंबाळं घेऊन येणार. बुडालेल्या माणसाचं ऐकून त्यांचा मूड जाईल."

मी वाद घालायला हवा होता. तो माझा विद्यार्थी होता, त्यानं ऐकलं असतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं. तो परिच्छेद वाचताना प्रत्येक वेळी मला त्याच्या पुढचं, न लिहिलेलं, दिसत होतं. मी म्हणालो, "काढ."

मावशीला मात्र मी फोनवर सांगितलं की नाव घेतलंय.

"ऐकव की," ती म्हणाली.

"ते कंपनीकडं आहे, मावशी. गाडी सुरू झाली की तुलाच घेऊन जातो."

"ने. मी पुलावरनं कदी पायला न्हाय धक्का."

त्यानंतर मी अंजूरला गेलो नाही. नोव्हेंबरच्या मध्यात विनिताचा फोन आला. तीन दिवस ताप होता, म्हणाली, आणि सकाळी उठवायला गेले तर काकी उठली नाही. मी मर्तिकाला गेलो, मागं उभा राहिलो आणि लवकर निघालो.

गाडी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सुटली. मावशीला जाऊन तीन आठवडे झाले होते. हितेशनं मला आणि माझ्या बायकोला, स्नेहलला, खिडकीच्या जागा दिल्या होत्या. सकाळचे नऊ. कोवळं ऊन काचांमधून थेट मांडीवर येत होतं. डब्यात पन्नासेक माणसं. समोरच्या जागेवर कुठल्याशा गावच्या एक आजी होत्या. त्यांची नात त्यांना आक्का म्हणत होती. त्यांनी स्टीलच्या डब्यातून सगळ्यांना चिवडा वाटला.

गाडी हलली आणि स्पीकरमधून माझा आवाज आला. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायला मला कधीच आवडलेलं नाही. पण माणसं लक्ष देत होती. जूचंद्रच्या आगरांमध्ये पाणी आरशासारखं पसरलं होतं आणि माझा आवाज सांगत होता की मीठ कसं धरतं. कामणला डोंगर जवळ आले. खारबावला भात कापून झालं होतं आणि ओल्या जमिनीत वालाचे कोंब होते. मी थोडा सैलावलो. स्नेहलनं माझ्या हातावर हात ठेवला.

"मागं पाण्याचा आवाज टाकलाय ना? छान वाटतं," ती म्हणाली.

मी कान दिला. खरंच, माझ्या आवाजामागं पाणी होतं. लाटांचं नव्हे. लाकडावर हळूहळू आपटणारं पाणी. हितेशनं नंतर घातलं असेल, असं मी म्हणालो. पण बाहेर अजून शेतंच होती, आणि शेतांच्या वर्णनामागं पाणी कशाला घालायचं, हे मला कळेना.

मग गोदामं सुरू झाली. निळ्या पत्र्यांची छपरं, कंटेनरच्या रांगा, भिंतीलगत चहा पिणारे हमाल. माझा आवाज आता सावकाश बोलत होता. मी असा वाचत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये तो थांबत होता, जणू कुणाला तरी चढायला वेळ देत होता.

भिवंडी रोड स्टेशन मागं गेलं. गाडीचा वेग कमी झाला. पुढं खाडी दिसू लागली. पाणी मातकट, कडेला तिवरांची हिरवी पट्टी. लोकांनी फोन बाहेर काढले. उजव्या हाताला, तिवरांच्या मोकळ्या जागेत, अंजूरचा धक्का दिसला.

धक्क्यावर दोन बायका उभ्या होत्या. एक विनिता, तिच्या अंगावर शाळेच्या पोषण आहाराच्या कामाला जाताना घालते ती निळी साडी. तिच्या उजव्या बाजूला दुसरी, ठेंगणी, नऊवारी नेसलेली. तिचं तोंड गाडीकडं होतं. एक हात तिनं कानामागं धरला होता.

गाडीची चाकं पुलावर वाजू लागली.

‘उजव्या हाताला अंजूरचा धक्का,’ माझा आवाज म्हणाला. ‘हा पूल होण्याआधी इथून रेतीबंदराला होडी जायची. ती दाजी केणे चालवायचे.’

स्नेहल माझ्याकडं वळली. "बरं झालं, ठेवलंत. मावशींना बरं वाटलं असतं."

हितेश काढायला विसरला असेल, जुनी फाईल लागली असेल, असा विचार मी करत होतो. परिच्छेद पुढं सरकत होता. अडलेली बाई. परतताना. होडी सापडली नाही. आता संपलं, असं मला वाटलं.

‘दाजी थांबणार होते,’ माझा आवाज म्हणाला.

हे वाक्य मी कधीच लिहिलं नव्हतं.

‘रेतीबंदरावर त्यांनी चहा सांगितला. ओहोटीची ओढ सरल्याशिवाय निघत नाही म्हणाले. बायकोनं दिवे लागायच्या आत बोलावलंय, पण आज ती रागावली तरी चालेल, असं म्हणाले आणि हसले.’

चिवड्याचा डबा आक्कांच्या मांडीवर उघडाच होता.

‘तेवढ्यात शेडमध्ये शेवंता बाळंत झाली. मुलगा झाला. आधीची दोन जगली नव्हती. तिनं दाजींना दारापाशी बोलावलं.’

मी उठायचा प्रयत्न केला. अर्धवट उठून पुन्हा बसलो.

‘ती म्हणाली, दादा, ते पलीकडं धक्क्यावर उभे असतील. आत्ताच जाऊन सांगा. पोर रडलं म्हणून सांगा.’

पाणी आता माझ्या आवाजाइतकंच मोठ्यानं वाजत होतं.

‘दाजींनी खाडीकडं पाहिलं. बायकोच्या भीतीनं नव्हे. शेवंतानं हात जोडले म्हणून. चहा तसाच ठेवला आणि होडी सोडली.’

मग काही नाही. चाकांचा आवाज. पुलाच्या लोखंडी तुळयांच्या सावल्या एकामागून एक माझ्या गुडघ्यांवरून सरकत होत्या.

‘आपण उल्हास खाडी ओलांडली आहे,’ माझा आवाज म्हणाला, नेहमीच्या वेगात, मी वाचला होता तसा. ‘आता काही मिनिटांत दिवा.’

स्नेहलनं आधी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "शेवंता म्हणजे आपल्या आईच ना?"

"हो."

"हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही."

"कुणालाच नाही."

दिव्याला सगळे चहाला उतरले. आक्का माझ्याजवळ आल्या. हा आवाज माझाच, हे त्यांनी ओळखलं होतं. "होडीवाल्याचं फार चांगलं सांगितलंत. असं कोण सांगतं हल्ली," म्हणाल्या आणि डोळे पुसून निघून गेल्या. हितेश मात्र लांबूनच माझ्याकडं बघत होता. गर्दी पांगल्यावर तो लॅपटॉप घेऊन आला.

"सर, तुम्ही परत कधी रेकॉर्ड केलं?"

"मी केलं नाही."

त्यानं फाईल लावली. प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून आम्ही तिघांनी ती ऐकली. गोदामं, भिवंडी रोड, मग लगेच ‘आपण उल्हास खाडी ओलांडली आहे.’ मध्ये काही नाही. पाणीही नाही. त्यानं तीनदा लावून पाहिली. "पण ऐकलं तर मी पण," तो पुटपुटला.

परतीच्या प्रवासात मी धक्क्याच्या बाजूला बसलो. गाडी पुलावरून गेली. धक्का रिकामा होता. ओल्या दगडांवर बगळे उभे होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रिक्षानं अंजूरला गेलो. विनिता घरीच होती. मावशीची ओट्यावरची जागा सारवलेली होती आणि तिथं कुणी बसत नसावं, कारण विनितानं माझ्यासाठी आतली खुर्ची आणली.

मी सगळं कबूल केलं. नाव काढून टाकलं ते, मावशीशी खोटं बोललो ते, आणि आईनं सांगितलेलं, जे मी बारा वर्षं पोटात ठेवलं ते. बोलताना मला स्वतःची लाज वाटत होती, कारण इतकं सोपं होतं ते. पाच मिनिटं लागली. त्याच ओट्यावर, शेंगा सोलता सोलता, सांगून झालं असतं.

विनितानं मला मध्ये अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "काकी किती वरसं जलत व्हती, दादा."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत हाय म्हनूनच बोलते."

थोड्या वेळानं मी विचारलं, "काल सकाळी तू धक्क्यावर होतीस ना? सोबत कोण होतं?"

तिनं पदर खांद्यावर नीट घेतला. "मी एकलीच व्हते. काकीची गाडी बघायची राहून गेली, म्हनून तिच्या नावानं उभी राहिले. बस."

"मला दोघी दिसल्या."

ती गोदामाच्या भिंतीकडं बघत राहिली.

"गाडीच्या काचा बंद व्हत्या," ती म्हणाली. "आतलं बाहेर कसं येल? पन तुमचा आवाज आला, दादा. पान्यावरनं यावा तसा. सगला ऐकला मी. चहा, बालंतपन, हात जोडले, सगला. तुम्ही आता सांगितला तो मला नवा न्हाय." ती थांबली. "आणि संपला तवा माज्या बाजूला कोन तरी सुस्कारा सोडला. आणि बोलली, म्हंजे माज्यामुलं न्हाय."

मी निघालो तेव्हा तिनं मला करंज्या दिल्या नाहीत, चहाही विचारला नाही. ते बरोबरच होतं. धक्क्यापर्यंत मी एकटाच चालत गेलो. भरती होती. पुलावरून एक मालगाडी चालली होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की झालं ते वाईट झालं, पण निदान ते तिला कळलं. मी सांगितलं नसलं, तरी माझ्या आवाजानं सांगितलं.

गुरुवारी हितेशचा फोन आला. लोकांचे मेसेज येत होते, सगळ्यांना होडीवाल्याची गोष्ट हवी होती. "सर, तो परिच्छेद घालू या. पूर्ण. जसा आपण ऐकला तसा." फाईलचं काय झालं, याबद्दल त्यानं काही विचारलं नाही. परिच्छेद घालणं मलाही योग्य वाटलं. आता निदान मी तो स्वतःच्या तोंडानं, जाणूनबुजून वाचणार होतो.

शुक्रवारी दुपारी नेत्राच्या स्टुडिओत गेलो. लूम बंद होते. गल्लीत शांतता. मी कानांवर हेडफोन घातले आणि कागद न घेताच सांगितलं. दाजी केण्यांचं नाव, नारळी पौर्णिमा, चहा, शेड, आईचे जोडलेले हात. ‘चहा तसाच ठेवला आणि होडी सोडली,’ इथं थांबलो. नेत्रानं काचेपलीकडून अंगठा दाखवला.

मग तिनं ऐकायला लावलं आणि पहिल्या वाक्यानंतरच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं आवाज वाढवला.

माझं एक वाक्य संपलं की मागून बारीक आवाज येत होता. ‘हं.’ पुढचं वाक्य. ‘हं.’ गोष्ट ऐकणारं माणूस सांगणाऱ्याला देतं, तसा हुंकार.

"सर, तुम्ही करताय का हे?" नेत्रानं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं तारा काढून परत लावल्या, माइक बदलला, दारं तपासली. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. हुंकार म्हातारा होता आणि त्यात घाई नव्हती.

आम्ही दुसरं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. ‘चहा तसाच ठेवला आणि होडी सोडली.’

इथं हुंकार आला नाही. दोन सेकंद काही नव्हतं.

मग त्याच आवाजात, अगदी जवळून, ‘मंग?’

नेत्रानं बटण दाबून सगळं बंद केलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. ती माझ्याकडं बघत होती.

"सर, ह्याच्यापुढं अजून काही आहे का?"

रेतीबंदरावरच्या त्या शेडचं दार खाडीकडं उघडायचं. आई दाराशीच निजली होती आणि अजून उजेड होता. पुढचं सगळं, होडी बुडेपर्यंतचं, तिनं पाहिलं होतं. तेही तिनं मला सांगितलं होतं, आणि ते मी त्या दिवशी विनितालाही सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

रेकॉर्डिंग बंद होतं. तरी पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ एकदा वर उठली आणि पुन्हा आडवी झाली.